सक्करदऱ्याचं तळं गोठत नाही

लहानूजी शंभरकर कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती ठोकून पाहत. टरबूज सगळेच ठोकतात. लहानूजी नवी बादली ठोकत, खुर्ची ठोकत, उघडं असलेलं दारही ठोकत. मुलीला पाहायला आलेल्या पोराच्या पाठीवर त्यांनी मायेने थाप मारली तेव्हा घरच्यांना भरून आलं. प्रत्यक्षात ते आवाज ऐकत होते. पाठ भरीव निघाली आणि लग्न ठरलं.

यात त्यांचा दोष नव्हता. एकतीस वर्षं ते बर्फाच्या कारखान्यात होते. लादी आतपर्यंत जमली आहे की पोटात अजून पाणी आहे, हे वरून दिसत नाही. ठोकल्यावर कळतं. जमलेली लादी टणक बोलते. न जमलेली नुसतं 'बद' करते आणि गिऱ्हाइकाच्या दारात दुभंगते. हा नियम लहानूजींनी पुढे माणसांना, बातम्यांना आणि सरकारी योजनांना लावला, आणि त्यांच्या मते तो सहसा चुकला नाही. आयुष्यात त्यांनी न ठोकता घेतलेल्या गोष्टी दोनच: छप्पन सालची दीक्षा आणि बायकोच्या, इंदूबाईंच्या, हातची भाकर.

कारखाना मनोहररावांचा. नागपुरात नंदनवनकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या छपराखाली. रसवंतीवाले, मासळीवाले आणि लग्नघरची माणसं तिथे रांग लावत. कारखान्यात नोकरीच्या दोन जागा होत्या: बाहेरचा ओटा आणि आतली मशिनीची खोली. ओट्यावर दीड क्विंटलची लादी ओल्या गोणपाटात धरून ओढायची असे. खोलीत एक लाकडी खुर्ची होती आणि समोर अमोनियाचा कॉम्प्रेसर. ओट्यापासून खुर्चीपर्यंतचं पंचवीस फूट अंतर काटायला लहानूजींना अकरा वर्षं लागली होती. त्यातली दोन तर एका कागदामुळे वाढली. एकसष्ट साली सुट्टीचा अर्ज म्हणून त्यांनी एका इंग्रजी कागदावर सही केली, आणि सुट्टीवरून परतल्यावर कळलं की आपण स्वखुशीने आणखी दोन वर्षं ओट्यावरच राहायला तयार झालो आहोत. तो कागद कोणी वाईट हेतूने केला की नुसत्या आळसाने, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून इंग्रजी कागद दिसला की लहानूजी चष्मा काढून खिशात ठेवत.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत जुना कॉम्प्रेसर दमला. मनोहररावांनी बाहेरगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून दुसरा आणवला. मशीन सुटी होऊन ट्रकमधून आली आणि तिच्यासोबत एक जाड इंग्रजी पुस्तक आलं. मनोहररावांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि वर हात ठेवला.

"लहानूजी, सरळ बोलतो. होळीच्या आत मशीन सुरू करायची. ज्याला हे पुस्तक वाचता येईल, त्याच्या हाती मशीन. तुमच्याच्याने नाही झालं तर मी डिप्लोमावाला पोरगा आणतो. तुम्ही मग ओट्यावर."

लहानूजी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या मणक्यात एक चमक कायमची राहायला आली होती. ओट्यावर ते दोन महिने टिकले नसते, हे त्यांना माहीत होतं आणि मनोहररावांनाही. इंग्रजीतली अक्षरं त्यांना लावता येत. अर्थ लागत नसे.

सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी शरच्चंद्र मास्तर राहत. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. लहानूजी पुस्तक कापडात गुंडाळून त्यांच्याकडे गेले. मास्तरांनी दोन पानं चाळून ते परत दिलं.

"हे इंग्रजी नाही. ही यादी आहे. भाषा शिकायची तर संभाषणातून. रोजच्या बोलण्यातले वाक्प्रचार आले की बाकीचं आपोआप येतं."

मास्तरांकडे संभाषणाचं एकच पुस्तक होतं. सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेलं. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर आणि पहिले आठ धडे गेलेले. त्यामुळे मास्तरांचे सगळे विद्यार्थी नवव्या धड्यापासून इंग्रजी शिकत. नववा धडा होता 'हिवाळी खेळ'. मिस्टर पार्कर आणि मिस्टर ब्लेक नावाचे दोन गृहस्थ गोठलेल्या तळ्यावर पायाला पाती बांधून घसरून आलेले असतात आणि चार पानं त्याच्याबद्दल बोलतात.

मास्तरांनी पहिलं पान वाचून अर्थ सांगितला. लहानूजी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं एक बोट टेबलावर ठोकायला लागलं.

"मास्तर, हे तळं जमलं कसं?"

"थंडीनं."

"मशीन?"

"नाही."

"मीठ?"

"नाही हो. नुसती हवा थंड पडते."

लहानूजींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. संध्याकाळची वेळ होती. ऐन जानेवारीत सक्करदऱ्याच्या तळ्यात चार म्हशी सुखाने बसल्या होत्या.

"एवढं तळं जमवाले आपल्यासारखे दोनशे कारखाने लागन. अन् हा पार्कर म्हणून राहिला का सकाळी उठून पाह्यलं तं जमलं होतं. फुकटात."

"तिकडे होतं तसं."

"तुम्ही पाह्यलं काय?"

"मी वर्ध्याच्या पलीकडे गेलेलो नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"मंग हा माणूस काहीतरी लपवून राहिला," लहानूजी म्हणाले आणि पान उलटलं.

पुढचे पाच आठवडे हेच चाललं. मिस्टर पार्कर जे बोलत ते त्यांच्या मनात नसे. 'ब्रेक द आइस' म्हणजे बर्फ फोडणं नव्हे, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करणं. 'ऑन थिन आइस' म्हणजे धोक्यात असणं. 'टिप ऑफ द आइसबर्ग' म्हणजे दिसतं ते थोडं, खाली दडलेलं पुष्कळ. मास्तर हे सांगताना खुलत. त्यांना ही भाषेची गंमत वाटे. लहानूजींना ती गंमत वाटली नाही. त्यांना हा कबुलीजबाब वाटला. एकसष्ट साली आपल्याबाबत काय झालं, ते त्यांना बारा वर्षांनी कळत होतं: इंग्रजीत लिहायचं एक असतं आणि म्हणायचं दुसरं असतं, आणि हे त्या लोकांच्या क्रमिक पुस्तकातच उघड छापलेलं आहे.

त्यांनी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे 'म्हणतात ते', उजवीकडे 'खरं'. उजव्या रकान्यातली नोंद ते कारखान्यात तपासल्याशिवाय करत नसत. बर्फ फोडून बोलणं सुरू करण्यापुढे त्यांनी लिहिलं, "बर्फ फोडताना कोणी बोलत नाही. बोललं तर टोचा बोटात जातो." हिमनगासाठी त्यांनी लादीचा एक तुकडा टाकीत सोडला, पट्टीने मोजला आणि लिहिलं, "एक हिस्सा वर, नऊ खाली. हे बरोबर." पातळ बर्फापुढे फक्त "मान्य" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

खरं भांडण उतारावरून झालं. मिस्टर ब्लेक डोंगरावरून बर्फातून घसरत खाली येतात आणि म्हणतात, आता इथून पुढे सगळा उतार. मास्तर म्हणाले, याचा अर्थ आता सोपं आहे. दोन पानांनंतर मिस्टर पार्करच्या भावाचा धंदा उताराला लागला होता, आणि मास्तर म्हणाले, याचा अर्थ वाईट दिवस आले.

"मास्तर, उतार चांगला का वाईट?"

"संदर्भावर आहे."

"म्हणजे बोलणाऱ्याच्या मर्जीवर."

"तसं नाही, लहानूजी—"

"तसंच आहे. कागद एक, अन् मालक सांगन तो अर्थ. मी पाह्यलं हे."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि चहा सांगितला. तीस वर्षांत त्यांना असा विद्यार्थी मिळाला नव्हता. बाकीचे अर्थ विसरत. हा अर्थावर फिर्याद करी.

घरी वेगळाच संशय वाढत होता. इंदूबाईंच्या नजरेत दोन गोष्टी आल्या होत्या: नवरा रोज सहाला धुतलेला सदरा घालून सायकलीवर जातो, आणि परतल्यावर अंगणात फेऱ्या मारत पुटपुटतो. एका संध्याकाळी त्या वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने मास्तरांच्या घरी पोचल्या. खिडकीतून पाहिलं तर दोन वयस्क माणसं समोरासमोर बसलेली. मास्तर हसून काहीतरी विचारत होते आणि त्यांचा नवरा गंभीर चेहऱ्याने म्हणत होता, "आय फेल डाउन थ्री टाइम्स, मिस्टर पार्कर."

साखर न मागताच इंदूबाई घरी आल्या. लहानूजी आल्यावर त्यांनी भाकर वाढली आणि समोर बसल्या.

"काहो, काय सांगून राहिले होते तुम्ही मास्तरले?"

"मी तीनदा पडलो म्हणून."

"कुठं? कारखान्यात?"

"नाही वं. तळ्यावर."

"तळ्यात पडले अन् सदरा कोरडा?"

"तळ्यात नाही. तळ्यावर. गोठून राहिलं होतं ना ते."

इंदूबाईंनी हात पुसून त्यांच्या कपाळाला लावला. कपाळ थंड होतं, त्याने त्यांची काळजी आणखी वाढली.

"अन् थो पार्कर कोण?"

"तो मास्तर."

"मास्तरचं नाव तं शरच्चंद्र आहे."

"सातपर्यंत पार्कर असते तो," लहानूजी म्हणाले. इंदूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून त्यांना मास्तरांकडचा चहा पिऊ दिला नाही. घरून थर्मास देत.

बातमी मनोहररावांपर्यंतही गेली. गावात बर्फाचे आणखी दोन-तीन कारखाने होते आणि सगळे आपल्या माणसांवर टपून आहेत अशी मनोहररावांची खात्री होती. त्यांनी लहानूजींना ऑफिसात बोलावलं.

"रोज सक्करदऱ्याला जाता म्हणे. कोणाकडे?"

"मास्तरकडे."

"पुस्तक वाचायला?"

"पुस्तक अजून उघडलं नाही."

"मग दीड महिना काय शिकून राहिले?"

लहानूजींना खोटं बोलायचं कारण नव्हतं. "बर्फावरचे खेळ," ते म्हणाले.

मनोहररावांनी मनात हिशेब मांडला. असं उघड खोटं माणूस केव्हा बोलतो, तर खरं त्याहून मोठं असतं तेव्हा. हा नक्की दुसरीकडे जाणार, आणि जाताना आपली गिऱ्हाइकं नेणार. त्या दुपारी त्यांनी ऑर्डरच्या वहीच्या कपाटाला कुलूप लावलं आणि जबलपूरला तार केली. डिप्लोमावाला होळीपर्यंत येणार होता. तो पंधरा दिवस आधीच, फेब्रुवारीच्या शेवटी, येऊन उभा राहिला.

त्याचं नाव भय्यालाल चौरसिया. चोवीस वर्षांचा, हसतमुख, खिशाला दोन पेन. आल्या आल्या त्याने लहानूजींना वाकून नमस्कार केला. लहानूजींना त्याचा अधिकच संशय आला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आवाज भरीव आला, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. मशीन जोडून, पाइप बसवून तयार होती. मनोहरराव खुर्चीत बसले, लहानूजींच्याच. पुस्तक मशिनीशेजारी पेटीवर उघडून ठेवलं.

"दोघंही वाचा. ज्याला समजलं तो मशीन सुरू करेल."

भय्यालालने पहिलं पान खडाखडा वाचलं. मशिनीवरच्या व्हॉल्व्हना पितळी बिल्ले होते, एक, दोन, तीन, चार. पुस्तकात तेच आकडे होते. तो वाचत गेला, बोट दाखवत गेला आणि एका वाक्यापाशी थांबला: सुरू करण्याआधी दोन नंबरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि एक नंबरचा पूर्ण उघडा. "बस, मालिक, इतना ही है." तो दोन नंबरचं चाक फिरवायला पुढे झाला.

"थांब गा," लहानूजी म्हणाले. "माझं वाचन राह्यलं."

त्यांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द ते उचलून, उलटा करून, खाली काय आहे ते पाहून परत ठेवत होते. मनोहररावांनी घड्याळात पाहिलं. पाऊण पान व्हायला बराच वेळ गेला. शेवटी लहानूजी त्याच वाक्यापाशी आले.

"क्लोज व्हॉल्व्ह नंबर टू. म्हणजे?"

"मतलब, दो नंबर बंद करो," भय्यालाल म्हणाला.

"ते लिहिलं आहे. म्हणाचं काय आहे?"

"दादा, जो लिखा है वही कहना है."

लहानूजींनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. इंग्रजीत असं कधी होत नाही, हे त्या पोराला जबलपुरात कोणीच सांगितलं नव्हतं. बहुधा त्याचं शिक्षण पहिल्या धड्यापासून झालं असावं.

"लहानूजी, वाचता आलं नाही म्हणा अन् विषय संपवा," मनोहरराव म्हणाले. "उगाच वेळ खाऊन राहिले."

लहानूजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी दोन नंबरच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला, बोटांनी तो ठोकला, आणि मग हात न उचलता पाइपावरून सरकवत चालायला लागले. पाइप भिंतीपर्यंत गेला, लहानूजी भिंतीपर्यंत गेले. पाइप भिंतीतून बाहेर गेला. लहानूजी दारातून फिरून बाहेर गेले आणि त्यांनी पलीकडून तो पुन्हा पकडला. मग लोखंडी शिडीवर त्यांच्या चपला वाजल्या. मनोहरराव आणि भय्यालाल वर छपराकडे पाहत राहिले. पत्र्यावरून पावलं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. मग परत आली.

लहानूजी आत आले तेव्हा त्यांच्या तळहाताला गंज लागला होता आणि एक हात कमरेवर होता.

"दोन नंबरचा पाइप वरती कंडेन्सरले जाऊन राहिला. मशिनीतून गरम वायू बाहेर निघाची वाट हेच. हे बंद करून मशीन फिरवली तं वायू जाईन कुठं? डोकं उडन."

"कोणाचं?" मनोहररावांनी विचारलं.

"पहिले मशिनीचं. मंग जो खुर्चीत बसून आहे त्याचं."

मनोहरराव खुर्चीतून उठले. भय्यालाल बाहेर गेला, स्वतः शिडी चढला, आणि खाली आला तेव्हा त्याचं हसू वरच राहिलं होतं.

"दादा सही बोल रहे हैं," तो म्हणाला. "बिल्ले उलटे लगे हैं. एक की जगह दो. खोलके जोड़ने में किसी ने बदल दिए. मैं तो बंद करने ही वाला था, मालिक."

पुस्तक बरोबर होतं. मशीनही बरोबर होती. फक्त मधला पितळेचा बिल्ला खोटं बोलत होता. भय्यालालने ते सारं लगेच कबूल केलं, त्यामुळे लहानूजींना त्याच्यावर संशय घ्यायला जागा उरली नाही. हे त्यांच्या बाबतीत फार क्वचित झालं असेल.

त्यांनी बिल्ल्यांची अदलाबदल केली, व्हॉल्व्ह उघडले, पट्टा हाताने दोनदा फिरवून पाहिला आणि बटण दाबलं. मशीन फिरली. थोड्या वेळाने एका पाइपावर पांढरं दंव धरायला लागलं. लहानूजींनी त्यावर बोट ओढून पाहिलं आणि मान हलवली.

"पण हे पुस्तकात कुठं लिहिलं आहे?" मनोहररावांनी विचारलं. त्यांना अजून नियम पाळला गेला की नाही याची शंका होती.

"लिहिलं नाही," लहानूजी म्हणाले. "इंग्रजीत खरी गोष्ट लिहीतच नाही. ते आपण जाऊन पाहा लागते."

या निष्कर्षाला मास्तरांनी नंतर पुष्कळ विरोध केला. ते म्हणाले, मशिनीच्या पुस्तकात वाक्प्रचार नसतात, तुम्ही संपूर्ण चुकीचं समजलात. लहानूजींनी विचारलं, बरोबर समजलो असतो तर आज कारखाना कुठं असता? मास्तरांनी चहा सांगितला, आणि इंदूबाईंची बंदी मोडून लहानूजी तो प्याले.

खुर्ची लहानूजींना मिळाली. भय्यालालही राहिला, वाचायला म्हणून. पुढे अनेक वर्षं मशिनीच्या खोलीत हेच दृश्य असे: भय्यालाल पुस्तकातून मोठ्याने वाचतो आहे आणि लहानूजी मशिनीपाशी उभे राहून अविश्वास दाखवत आहेत. दोघांच्या मध्ये मशीन उत्तम चालली.

मनोहररावांनी रीतसर नेमणुकीचं पत्र काढलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, खाली सहीसाठी टिंबांची रेघ. लहानूजी ते घेऊन मास्तरांकडे गेले.

"तुम्हाला ऑपरेटर म्हणून कायम नेमलं आहे, असं लिहिलंय," मास्तर म्हणाले.

"अन्?"

"अन् काही नाही. तीन ओळी तर आहेत."

"तीन ओळी वर दिसून राहिल्या," लहानूजी म्हणाले. त्यांनी पत्राची घडी घातली आणि वहीत ठेवली.

शहाऐंशी साली ते निवृत्त झाले. ओट्यावर खुर्च्या मांडून निरोपाचा कार्यक्रम झाला. इंदूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मनोहरराव थकले होते. कारखान्याचा कारभार आता भय्यालाल पाहत असे आणि त्याची मराठी अस्सल नागपुरी झाली होती. शेवटचे कागद करायला त्याने फाइल उघडली, तर सही केलेलं नेमणूकपत्र सापडेना.

"दादा, तुमच्याकडे आहे काय गा?"

लहानूजींनी पिशवीतून वही काढली. हिवाळी खेळांच्या पानांत पत्र तसंच होतं; घडीवर थोडं पिवळं, खालची टिंबांची रेघ कोरी.

भय्यालालने कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "तेरा वर्षं बिना सहीचे मशीन चालवून राहिले होते तुम्ही?"

"बर्फ जमत होता ना रोज? मंग?"

"आता तरी करा सही." त्याने खिशातलं एक पेन काढून पुढे केलं. "आज शेवटचा दिवस आहे. आता काय धोका आहे?"

पुढच्या रांगेतून इंदूबाई म्हणाल्या, "करा ना वो. लोक ताटकळून राहिले."

लहानूजींनी पेन घेतलं. चष्मा लावून तिन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग कागद कानापाशी धरला आणि मागच्या बाजूने नखाने एकदा ठोकला.

"अजून आत पाणी आहे," ते म्हणाले, आणि घडी घालून कागद परत वहीत ठेवला.